दोन दिवसांत डोळे पांढरे करणारी बाटली

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी बार्शी तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. माझा मुलगा ९ वर्षांचा, चौथीत आहे. सहाव्या वर्षापासून त्याचे डोळे लाल होतात, खूप खाजतात, उन्हात उघडतच नाहीत. सकाळी डोळ्यांतून दोऱ्यासारखी चिकट तार निघते. आधी फक्त उन्हाळ्यात व्हायचं, आता दिवाळीतसुद्धा असतं. पहिल्या वर्षी एका डॉक्टरांनी थेंब लिहून दिले. ते घातले की दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र. संपले की मेडिकलवाले तेच देतात, चिठ्ठी मागत नाहीत. अशी तीन वर्षं झाली. मध्यंतरी दुसऱ्या डॉक्टरांनी वेगळे थेंब दिले, चार दिवस घातले, काडीचा फरक नाही, म्हणून परत जुनेच सुरू केले. शाळेतून दोनदा फोन आला की डोळे आलेत, घरी घेऊन जा. सासूबाई म्हणतात, मिसरूड फुटलं की आपोआप जाईल. शेजारच्या काकू मध घालायला सांगतात. आम्ही केळी, दही, चिंच सगळं बंद केलंय. आमचं भुसार मालाचं दुकान आहे, घर त्याच्या मागेच. पोराला क्रिकेटचं वेड आहे. खेळू द्यावं का? आणि हे नक्की आहे तरी काय?
— एक आई

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते, पण सुरुवात करते तुम्ही न विचारलेल्या गोष्टीपासून. ती दोन दिवसांत डोळे पांढरे करणारी बाटली आधी हातात घ्या आणि तिचं खोकं शोधा. ब्रँडचं नाव राहू दे, त्याच्याखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं ते वाचा. त्या नावाचा शेवट ‘सोन’ किंवा ‘लोन’ असा होत असेल, म्हणजे डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, तर ते स्टेरॉईड आहे. लोटेप्रेडनॉल आणि डायफ्लुप्रेडनेट ही नावं या युक्तीत बसत नाहीत, पण तीही त्याच घराण्यातली. शेजारी निओमायसिन किंवा क्लोरॅम्फेनिकॉल असं आणखी एखादं नाव असेल, तर फसू नका. ते अँटिबायोटिक आहे आणि तुमच्या मुलाच्या आजाराशी त्याचा काही संबंध नाही. जादू करतंय ते स्टेरॉईड.

बाटली मी पाहिलेली नाही. पण खाज, तार आणि उन्हाचा त्रास तीन वर्षं चालू असलेल्या पोराचे डोळे दोन दिवसांत लख्ख करणारं दुसरं औषध मला तरी ठाऊक नाही.

स्टेरॉईड म्हणजे विष नव्हे. मी स्वतः ते लिहून देते. डोळा फार भडकला असेल तर आठ-दहा दिवस, मग थेंब हळूहळू कमी करत बंद, असं ते वापरायचं औषध आहे. घोळ होतो तो पुढे. आपल्या डोळ्याच्या आत सतत थोडं थोडं पाणी तयार होत असतं आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या एका बारीक जाळीतून ते वाहून जातं. स्टेरॉईड आठवडेच्या आठवडे चालू राहिलं तर काही जणांमध्ये ही जाळी तुंबते. मोरीची जाळी तुंबली की पाणी निदान बाहेर तरी येतं, डोळ्यात त्याला बाहेर यायला वाट नसते. मग आतला दाब वाढतो. साधारण १० ते २१ हा दाबाचा नेहमीचा आकडा. तो वाढला की मागची नस हळूहळू वाळत जाते. याला काचबिंदू म्हणतात. मोठ्यांपेक्षा लहान मुलांत हा दाब लवकर आणि जास्त चढू शकतो. आणि दुखत काही नाही. डोळा लाल होत नाही, उलट छान पांढरा दिसतो. नजर कडेकडेने जाते, मधली शेवटपर्यंत शाबूत असते, त्यामुळे पोरगं फळ्यावरचं वाचत राहतं आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही. दुसरा धोका मोतीबिंदूचा, तोही याच थेंबांनी लहान वयात येऊ शकतो.

यात तुमची चूक किती? फारशी नाही, आणि हे मी समजूत घालायला म्हणत नाही. नवी नवी प्रॅक्टिस करत होते तेव्हाची गोष्ट. पंधरा वर्षांच्या एका मुलाला त्याचे वडील घेऊन आले. सायकल चालवताना सारखा कडेला धडकतो म्हणाले. तपासलं तर उजव्या डोळ्याने तो नळकांड्यातून बघावं इतकंच बघत होता. आधीचे कागद आहेत का विचारलं, तर वडिलांनी बंडीच्या खिशातून एक चिठ्ठी काढली. घडीवर फाटलेली, मागून चिकटपट्टी लावून जपलेली. अक्षर माझंच होतं. तीन वर्षांपूर्वीचं. थेंबाचं नाव, खाली ‘दिवसातून चार वेळा’. किती दिवस, हे मी लिहिलंच नव्हतं. ती चिठ्ठी दाखवून त्या माणसाने इमानेइतबारे तीन वर्षं बाटल्या नेल्या होत्या. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी आम्ही राखली. त्या दिवसापासून मी थेंबाच्या नावाआधी बंद करायची तारीख लिहिते.

म्हणून पहिलं काम, या आठवड्याच्या आत मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. चष्म्याच्या दुकानात नको, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडेही नको. बाटली, खोकं, जुन्या चिठ्ठ्या सगळं पिशवीत टाका. तीन वर्षांत साधारण किती बाटल्या संपल्या ते बोटांवर मोजून ठेवा आणि न लपवता सांगा. डॉक्टर ओरडतील म्हणून निम्म्या आया हा आकडा कमी करून सांगतात. चार गोष्टी करून घ्यायच्या: डोळ्याचा दाब, मागच्या नसेची तपासणी, मोतीबिंदू आहे का ते, आणि वरची पापणी उलटवून बघणं. ९ वर्षांचं पोर दाब मोजू देतं, काही दुखत नाही. बार्शीत जमलं नाही तर सोलापूरला सरकारी मेडिकल कॉलेजच्या नेत्र विभागात जा, सत्तरेक किलोमीटर आहे, एक दिवसाचं काम. पत्र वाचून बाटली लगेच उकिरड्यावर मात्र फेकू नका. इतके दिवस चाललेलं स्टेरॉईड एकदम तोडलं की आजार दुपटीने उसळतो. कसं कमी करायचं ते तपासणारे डॉक्टर ठरवतील.

आता आजाराचं सांगते. लांबूनच सांगतेय, शिक्कामोर्तब तपासणीनंतर. तुम्ही लिहिलेली लक्षणं व्हर्नल केराटोकंजंक्टिव्हायटिसची आहेत. आम्ही त्याला व्हीकेसी म्हणतो, जुने डॉक्टर ‘स्प्रिंग कटार’ म्हणायचे. नावात वसंत ऋतू आहे कारण नाव ठेवलं युरोपात, तिथे तो वसंतात उफाळायचा. खरं तर हा आजार उष्ण, कोरड्या, धुळीच्या मुलखांचा. भूमध्य समुद्राचा काठ, अरबस्तान, पश्चिम आफ्रिका आणि आपण. थंड देशात हिवाळा आला की डोळ्यांना चार-पाच महिने सुट्टी मिळते. आपल्याकडे शिमगा झाला की थेट वैशाखवणवा, आणि थंडी म्हणजे दोन महिन्यांची स्वेटरची हौस. म्हणून इथल्या पोरांचा त्रास वर्षभर रेंगाळतो, उन्हाळ्यात फक्त भडकतो. दिवाळीतही डोळे लाल होतात ते यामुळे. मुलींपेक्षा मुलांना हा जास्त होतो आणि सहसा दहाव्या वर्षाच्या आत सुरू होतो.

हे जंतूंचं दुखणं नाही. शरीराची राखणदार पेशींची फौज धुळीला, परागांना, उन्हावाऱ्याला शत्रू समजून डोळ्यात ठाण मांडून बसते. वरची पापणी उलटवली की आत सीताफळाच्या सालीसारखे उंचवटे दिसतात. बार्शीकडच्या आईला सीताफळाची साल वेगळी समजावून सांगायला नको. डोळे मिटताना, उघडताना ही खरबरीत साल बुबुळावर घासत राहते, म्हणून पोर म्हणतं की डोळ्यात वाळू गेलीय. काही मुलांत बुबुळाच्या कडेला जाड चिकट कडं येतं आणि त्यावर रव्याच्या कणासारखे पांढरे ठिपके दिसतात. पांढरा भाग मळकट तपकिरी होतो तो वेगळाच. कितीतरी आया त्याला कावीळ समजून रक्त तपासून आलेल्या असतात.

शाळेचा फोन येण्यामागेही हाच गोंधळ आहे. डोळे येणं म्हणजे संसर्ग, एकाचे आले की वर्गाचे येतात. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून ती साथ कशी पसरली ते सगळ्यांनी पाहिलंय, तेव्हापासून शाळा जरा जास्तच धास्तावल्यात. तुमच्या मुलाचं दुखणं कुणालाही लागत नाही. डोळे आले की टोचतं, पू येतो, आठवड्या-दोन आठवड्यांत जातं. याच्यात सगळ्यात आधी खाज, आणि ती हटत नाही. डॉक्टरांकडून दोन ओळींचं पत्र घ्या: अ‍ॅलर्जी आहे, संसर्ग नाही, खिडकीच्या झोतात बसवू नये. वर्गशिक्षिकेच्या हातात द्या. त्या बिचाऱ्यांना तरी कसं कळावं?

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि हे त्यांना आवर्जून सांगा. वयात येता येता बहुतेक मुलांचा हा आजार खरंच विझतो. आम्ही औषध देतो ते आजार मुळातून उपटायला नाही, तर तो जाईपर्यंत डोळे शाबूत ठेवायला. तुमच्या मुलाला अजून पाच-सात, कदाचित जास्त वर्षं काढायचीत. त्या काळात बुबुळावर जखम झाली, दाबाने नस गेली किंवा चोळून चोळून बुबुळ बिघडलं, तर मिसरूड फुटल्यावर खाज जाईल आणि नुकसान राहील.

चोळण्याचं जरा विस्ताराने सांगते, कारण थेंबांइतकंच ते महत्त्वाचं आहे. खाजणाऱ्या डोळ्यातल्या पेशींमध्ये हिस्टामिनच्या, म्हणजे खाज आणणाऱ्या रसायनाच्या, पुरचुंड्या भरलेल्या असतात. चोळलं की त्या फुटतात, खाज आणखी वाढते, मग आणखी चोळणं. पोरं बोटाने चोळत नाहीत, मुठीच्या सांध्याने चोळतात, दात-ओठ खाऊन, आणि त्यात त्यांना सुख वाटतं. वर्षानुवर्षं असं चोळलं की पातळ पडलेलं बुबुळ शंकूसारखं पुढे येऊ शकतं. त्याला केराटोकोनस म्हणतात. चष्म्याचा नंबर, विशेषतः तिरका नंबर, दर सहा महिन्यांनी बदलू लागला तर ती खूण समजा आणि बुबुळाचा नकाशा काढणारी तपासणी करून घ्या. लवकर सापडलं तर सी-थ्री-आर नावाच्या उपचाराने थांबवता येतं. ‘चोळू नको’ असं ओरडून काही होत नाही, मी तीस वर्षं ओरडून पाहिलंय. हाताला दुसरं काम द्यावं लागतं. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ सुती रुमाल भिजवून ठेवा, खाज सुटली की मिटल्या डोळ्यांवर पाच मिनिटं. बर्फ थेट लावायचा नाही. शाळेत डबीत एक ओला रुमाल द्या.

आता त्या चार दिवसांत सोडून दिलेल्या थेंबांबद्दल. बहुधा ते ओलोपॅटॅडिन, किटोटिफेन किंवा सोडियम क्रोमोग्लायकेटपैकी काहीतरी असणार. सोडियम क्रोमोग्लायकेट पुरचुंड्या फुटू देत नाही, बाकीची दोन फुटलेल्या पुरचुंड्यांचा माराही बोथट करतात. पण त्यांचा पूर्ण गुण दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. शिवाय ती त्रास असताना घालायची औषधं नव्हेत, त्रास होऊ नये म्हणून रोज घालायची. डोळे पांढरे दिसतात म्हणून आठवड्याने बंद केली की सगळं मुसळ केरात. तुम्ही चार दिवसांनी सोडलीत कारण तुमच्या हातात तुलनेला ती जादूची बाटली होती. तिच्यापुढे ही नेहमीच फिकी वाटणार.

एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा डोळ्यात घालायचं ०.०३ टक्क्यांचं टॅक्रोलिमस मलम लिहून देतील. ही स्टेरॉईड नाहीत, दाब वाढवत नाहीत. मेडिकलमध्ये कुणी म्हणेल, अहो हे तर किडनी बदललेल्यांचं औषध. खरं आहे, पण तिथे ते पोटात घेतात, इथे डोळ्यापुरतं. सुरुवातीला चांगलं चुणचुणतं, पोर हातपाय झाडेल, हे त्याला आधीच सांगून ठेवा. गुण यायला महिनाभर धरा.

थेंब घालताना एका वेळी एकच पुरतो, दुसरा गालावर येतो आणि पैसे जातात. घालून डोळा मिटायचा, नाकाकडचा कोपरा मिनिटभर बोटाने दाबून धरायचा. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये दहा मिनिटं. उघडलेली बाटली महिन्याने टाकून द्यायची, उरली असली तरी. साधे अश्रूंसारखे थेंब फ्रिजमध्ये ठेवून गार घातले तर फार बरं वाटतं. बाकीच्यांच्या खोक्यावर कसं ठेवायचं लिहिलेलं असतं ते बघा. बेचाळीस अंशांच्या दुपारी पत्र्याखालच्या फळीवर मात्र कुठलीच बाटली नको.

मध नको. काजळ नको, घरी पाडलेलंसुद्धा. गुलाबपाणी, एरंडेल, त्रिफळ्याचं पाणी, बाळंतिणीचं दूध, काही नको. काकूंचा हेतू चांगलाच असेल, पण बुबुळावर आधीच ओरखडे असतात आणि मधाची बरणी निर्जंतुक नसते. काकूंनी फारच आग्रह केला तर पोळीवर घालून द्या.

केळी, दही, चिंच आजच सुरू करा. खाल्ल्याने या आजाराचे डोळे लाल होतात असं दिसत नाही. वाढत्या पोराचं दही तोडून काय मिळवलं आपण? अ‍ॅलर्जीच्या महागड्या चाचण्यांच्याही मागे लागू नका, व्हीकेसीच्या कितीतरी मुलांत त्या चाचण्यांत काहीच निघत नाही. ऊन, वारा, धूळ एवढंच पुरतं.

धुळीचं मात्र तुमच्या घरी खरंच जड आहे. भुसार दुकान, मागे घर, आणि फाल्गुन-चैत्रात ज्वारीची पोती उतरायला लागली की भुसकटाचा धुरळा. दुकान हलवा म्हणणारा सल्ला मी देणार नाही, तो ऐकायला आणि द्यायला सोपा असतो. पोती झटकताना, माल चाळताना मुलगा तिथे नको, आणि दुकानातून घरात उघडणारं दार तेवढा वेळ बंद. बाहेरून आला की तोंड-डोळे साध्या पाण्याने धुवायचे, रात्री झोपण्याआधी डोक्यावरून पाणी, कारण दिवसभराची धूळ केसांतून उशीवर उतरते. चादर-अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात, गादी उन्हात. तो घरात असताना केरसुणी नको, ओलं फडकं फिरवा. मच्छर अगरबत्ती आणि धूप त्याच्या खोलीत लावू नका, मच्छरदाणी लावा. पावसानंतर परसात गाजर गवत उगवलं तर फुलायच्या आत उपटा, पण मुलाच्या हातून नाही.

आणि हे लक्षात असू द्या: कधी त्याने एक डोळा उघडायचंच नाकारलं, दुखतंय म्हणाला, नुसतं पाणी गळायला लागलं, काळ्या भागावर पांढरा डाग दिसला किंवा अंधुक दिसू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना. बुबुळावर जखम झालेली असू शकते. अशा वेळी जुन्या बाटलीतला एक थेंबही घालायचा नाही. जखमेत बुरशी किंवा जंतू असले तर स्टेरॉईड त्यांना मोकळं रान देतं.

राहिलं क्रिकेट. खेळू द्या. मार्च उजाडला की माझ्या ओपीडीत टोपी नाकापर्यंत ओढून, भिंतीकडे तोंड करून बसलेली पोरं दिसतात. त्यातली निम्मी आजारापेक्षा ‘हे करू नको’ने जास्त गप्प झालेली असतात. दुपारची मॅच बंद, संध्याकाळी साडेपाचनंतर मैदान मोकळं. पुढे लांब शेंडा असलेली टोपी आणि बाजूने झाकणारा गॉगल, बिननंबरचा चालेल. मित्र हसतील म्हणून तो गॉगल घालणार नाही, हे मला इथे बसून दिसतंय. दुकानात त्याला घेऊन जा आणि त्याचा त्यालाच निवडू द्या. तुम्हाला आवडला नाही तरी तोच घ्या.